दार लाव की दार बंद आहे? : मोबाइलच्या पडद्याला सांगण्याच्या दोन रीती

पुष्कळ शाळांत वर्गातील फळ्याच्या एका कोपऱ्यात रोज सकाळी तीन आकडे लिहिलेले असतात : पट ४५, हजर ४१, गैरहजर ४. हजेरी झाली की वर्गप्रमुख ते लिहितो. थोड्या वेळाने एखादा विद्यार्थी धापा टाकीत येतो. आता फळ्यावरचे दोन आकडे बदलले पाहिजेत. ४१ चे ४२ व्हायला हवेत आणि ४ चे ३.

वर्गप्रमुखाने घाईत यांपैकी एकच आकडा बदलला तर काय होईल? समजा, त्याने हजरचे ४२ केले आणि गैरहजरचे ४ तसेच राहिले. बेरीज करून पाहा. ४५ च्या पटात ४६ विद्यार्थी झाले! आता उलट चूक झाली असे समजा. गैरहजरचे ३ झाले, पण हजरचे ४१ तसेच राहिले. फळ्यावरचा आकडा पाहून शालेय पोषण आहाराचे धान्य काढले, तर एका मुलाचा वाटा कमी शिजेल. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यासाठी हा वाटा १५० ग्रॅम धान्याचा असतो. आकडा लहान, पण तो चुकला की कोणाच्या तरी ताटात कमी पडते.

या चुकीचे मूळ वर्गप्रमुखाच्या गणितात नाही. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिलेली आहे आणि दोन्ही ठिकाणे जुळती ठेवण्याचे काम माणसाच्या आठवणीवर सोपवलेले आहे, हे तिचे मूळ आहे. मोबाइलची ॲप तयार करणाऱ्यांपुढे नेमका हाच प्रश्न अनेक वर्षे उभा होता. त्याचे जे उत्तर त्यांनी शोधले, त्याची ओळख आज आपण करून घेऊ.

मोबाइलचा पडदाही एक फळाच

घरातील मोबाइलवर निरोपांचे एखादे ॲप उघडून पाहा. चित्राच्या कोपऱ्यात लाल गोलात ‘३’ असा आकडा असतो. आत यादीमध्ये तीन नावे ठळक अक्षरांत असतात. वरच्या पट्टीत ‘न वाचलेले ३’ असे लिहिलेले असते. तुम्ही एक निरोप वाचलात की या तिन्ही ठिकाणी बदल व्हावा लागतो. एक जागा विसरली की पडदा खोटे बोलू लागतो.

हा धोका काल्पनिक नाही. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१४ साली एका जाहीर परिषदेत आपल्याच संकेतस्थळावरील अशी चूक सांगितली होती. न वाचलेल्या निरोपांचा आकडा ‘१’ दिसे. माणूस उत्सुकतेने उघडून पाही, तर नवा निरोप नसेच! ही चूक दुरुस्त केली की काही काळ सर्व ठीक चाले आणि मग ती पुन्हा डोके वर काढी. अभियंते हुशार होते, तरी असे का व्हावे? कारण आकडा बदलणाऱ्या वाटा अनेक होत्या आणि प्रत्येक वाटेवर प्रत्येक जागेची आठवण ठेवावी लागत होती.

व्याकरणाच्या तासातील दोन वाक्ये

‘दार लाव’ हे आज्ञार्थी वाक्य आहे आणि ‘दार बंद आहे’ हे विधानार्थी वाक्य, हे तुम्ही मराठीच्या तासाला शिकला आहात. संगणकशास्त्राने हेच दोन शब्द व्याकरणातून उचलले. यंत्राला पायरीपायरीने हुकूम देणे ही आज्ञार्थी रीत, इंग्रजीत ‘इम्परेटिव्ह’. शेवटी काय असायला हवे त्याचे वर्णन यंत्रापुढे ठेवणे ही विधानार्थी रीत, इंग्रजीत ‘डिक्लेरेटिव्ह’. संगणकाच्या प्रोग्रॅमला मराठीत आपण ‘आज्ञावली’ म्हणतो. म्हणजे आज्ञार्थी रीत तर त्याच्या नावातच बसलेली आहे!

या दोन रीतींतला फरक एका उदाहरणाने पाहू. जिन्यावर उभ्या असलेल्या मित्राला सांगा, ‘एक पायरी वर चढ.’ तो कोठे पोहोचेल? तो आधी कोठे उभा होता, यावर ते अवलंबून आहे. चुकून दोनदा सांगितले तर तो दोन पायऱ्या चढेल. आता त्याला सांगा, ‘तू पाचव्या पायरीवर असायला हवास.’ तो तिसरीवर असला तर दोन पायऱ्या चढेल, आठवीवर असला तर तीन उतरेल, पाचवीवरच असला तर जागचा हलणार नाही. हे वाक्य दहा वेळा उच्चारले तरी परिणाम तोच! आज्ञा बिनचूक देण्यासाठी आधीची स्थिती ठाऊक असावी लागते. विधान मात्र स्वतःच्या पायावर उभे असते.

विधानार्थी रीत मोबाइलच्या आधीपासून चालत आलेली आहे. आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती कोष्टकांत मांडण्याचा एक नवा विचार प्रसिद्ध केला. त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये त्यासाठी एक भाषा तयार केली. तीच पुढे ‘एसक्यूएल’ म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यात ‘कपाटाचा तिसरा खण उघड, पहिला कागद काढ’ असे सांगायचे नसते. ‘ज्यांचे गुण ३५ पेक्षा कमी आहेत अशांची नावे हवीत’ एवढेच सांगायचे. शोधायचे कसे, ते यंत्र ठरवते.

दुसरे उदाहरण तुमच्या अधिक ओळखीचे असेल. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघा अमेरिकन तरुणांनी १९७९ साली ‘व्हिजिकॅल्क’ नावाची आज्ञावली बाजारात आणली. आजच्या स्प्रेडशीटची ती पूर्वज. तिच्या एका घरात ४५ लिहा, दुसऱ्यात ४ लिहा आणि तिसऱ्या घरात लिहा : ‘पहिले घर वजा दुसरे घर’. तिसऱ्या घरात ४१ दिसेल. दुसऱ्या घरातील ४ चे ३ करा. तिसऱ्या घराला हातही न लावता तेथे ४२ येतील! कारण तिसऱ्या घरात आपण आकडा लिहिलेलाच नाही, संबंध लिहिला आहे. आपल्या वर्गाच्या फळ्यालाही नेमके हेच हवे होते.

फळ्याचे ॲप : दोन्ही रीतींनी

आता वर्गाच्या फळ्याचे एक छोटे ॲप मनातल्या मनात तयार करू. त्यावर तीन आकडे असावेत. ‘उशिरा आला’ आणि ‘घरी गेला’ अशी दोन बटणे असावीत. गैरहजर कोणीच नसेल तेव्हा ‘आज सर्व हजर!’ अशी पाटी दिसावी. आधी आज्ञार्थी रीतीने लिहू. ही खरी संगणकभाषा नाही, पण विचार तोच आहे.

‘उशिरा आला’ बटण दाबले की :
— गैरहजरचा आकडा १ ने कमी कर.
— गैरहजरच्या चौकटीतील मजकूर पुसून नवा आकडा लिही.
— हजरचा आकडा १ ने वाढव.
— हजरच्या चौकटीतील मजकूर पुसून नवा आकडा लिही.
— गैरहजर ० झाले असतील तर पाटी दाखव.

‘घरी गेला’ बटण दाबले की :
— गैरहजरचा आकडा १ ने वाढव.
— गैरहजरच्या चौकटीतील मजकूर पुसून नवा आकडा लिही.
— हजरचा आकडा १ ने कमी कर.
— हजरच्या चौकटीतील मजकूर पुसून नवा आकडा लिही.

वरवर पाहता सर्व ठीक आहे. पण थांबा. सर्व हजर असताना एक मुलगा ताप आल्यामुळे घरी गेला. आकडे बरोबर बदलतील, परंतु ‘आज सर्व हजर!’ ही पाटी तशीच राहील. ती काढण्याची आज्ञा आपण दिलेलीच नाही. आता तेच ॲप विधानार्थी रीतीने लिहून पाहू.

फळा असा दिसतो :
— ओळ : ‘पट’ आणि पटाचा आकडा
— ओळ : ‘हजर’ आणि (पट − गैरहजर)
— ओळ : ‘गैरहजर’ आणि गैरहजरचा आकडा
— गैरहजर = ० असेल तर, ओळ : ‘आज सर्व हजर!’
— बटण ‘उशिरा आला’ : दाबल्यास गैरहजर १ ने कमी
— बटण ‘घरी गेला’ : दाबल्यास गैरहजर १ ने जास्त

येथे ‘पुस’, ‘लिही’, ‘दाखव’, ‘काढ’ यांतील एकही आज्ञा नाही. बटणे पडद्याला हात लावीत नाहीत. ती फक्त एक नोंद बदलतात. नोंद बदलली की यंत्र हे वर्णन नव्याने वाचते आणि पडदा त्याच्याशी जुळता करते. पाटी काढायला विसरण्याची सोयच उरली नाही, कारण गैरहजर ० नसताना वर्णनात पाटी नसतेच.

ज्या नोंदींवरून पडदा ठरतो त्यांना ‘स्थिती’ म्हणतात. इंग्रजी शब्द ‘स्टेट’. आपल्या ॲपची स्थिती केवळ दोन आकड्यांची आहे : पट आणि गैरहजर. हजर हा आकडा स्थितीत नाही. तो इतर दोघांवरून काढता येतो. जे काढता येते ते साठवू नये, हा या रीतीचा पहिला धडा. गणिताच्या भाषेत सांगायचे तर पडदा हे स्थितीचे ‘फल’ आहे :

पडदा = वर्णन (स्थिती)

३ चा वर्ग केव्हाही काढा, ९ च येतो. तशीच स्थिती तीच असेल तर पडदाही तोच असला पाहिजे, मग त्या स्थितीला आपण कोणत्याही वाटेने पोहोचलो असू.

वाटा किती, मुक्काम किती?

आता थोडे गणित करू. मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या पडद्याचा विचार करा. त्याच्या चार स्थिती असतात : तयार, पाठवत आहे, यशस्वी, अयशस्वी. आज्ञार्थी रीतीत एका स्थितीतून दुसरीत जाताना काय पुसायचे आणि काय लिहायचे, ते सांगावे लागते. चारपैकी प्रत्येक स्थितीतून उरलेल्या तीन स्थितींकडे जाता येते असे धरले, तर ४ × ३ = १२ वाटा होतात. विधानार्थी रीतीत मात्र फक्त चार मुक्कामांचे वर्णन करायचे. स्थिती दहा झाल्या तर वाटा १० × ९ = ९० आणि वर्णने दहाच! प्रत्यक्षात प्रत्येक वाट वापरली जात नाही हे खरे. पण कोणती वापरली जाणार नाही, याचा विचार तरी करावाच लागतो.

स्थिती कशी नोंदवायची यालाही महत्त्व आहे. समजा, आपण तीन स्वतंत्र खुणा ठेवल्या : ‘पाठवत आहे?’, ‘यशस्वी?’, ‘अयशस्वी?’ प्रत्येकीचे उत्तर होय किंवा नाही. एकूण प्रकार २ × २ × २ = ८. त्यांपैकी अर्थपूर्ण चारच. तिन्ही ‘नाही’ असतील तर ‘तयार’, आणि कोणतीही एकच ‘होय’ असेल तर तिच्या नावाची स्थिती. उरलेले चार प्रकार अशक्य आहेत. पैसे पोहोचले आणि पोहोचले नाहीत, असे एकाच वेळी कसे होईल? म्हणून तीन खुणांऐवजी एकच नोंद ठेवतात आणि तिच्यात चार शब्दांपैकी एक शब्द लिहितात. अशक्य स्थिती लिहिताच येत नसेल, तर ती पडद्यावर येण्याचा प्रश्न उरत नाही.

याचा उपयोग पाहा. ‘पाठवत आहे’ या स्थितीच्या वर्णनात ‘पाठवा’ हे बटण बंद असते, असे एकदा लिहून ठेवले की नेट मंद असताना उतावळ्या माणसाला ते दुसऱ्यांदा दाबता येत नाही. दुकानदाराला एकाच सामानाचे पैसे दोनदा जाण्याचे एक कारण त्यामुळे नाहीसे होते.

दर वेळी सारा पडदा पुसायचा?

तुमच्या मनात आता एक शंका आली असेल. एक आकडा बदलला म्हणून पूर्ण वर्णन पुन्हा वाचायचे आणि सारा पडदा पुन्हा रंगवायचा, हा उधळेपणा नाही का? शंका योग्य आहे. १०८० × २४०० ठिपक्यांच्या पडद्यावर जवळजवळ २६ लक्ष ठिपके असतात. चित्र सेकंदाला ६० वेळा ताजे करायचे, तर एका वेळच्या सर्व कामासाठी १००० ÷ ६० म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. काम त्यात उरकले नाही तर यादी सरकवताना पडदा अडखळतो.

या अडचणीतून वाट काढणारी एक कल्पना फेसबुकमधील जॉर्डन वॉक यांच्या ‘रिॲक्ट’ या साधनाने लोकप्रिय केली. हे साधन २०१३ साली सर्वांसाठी खुले झाले. कल्पना अशी की पडद्याला लगेच हात लावायचा नाही. आधी नव्या वर्णनाचा एक हलका आराखडा संगणकाच्या स्मृतीत तयार करायचा. तो झाडासारखा असतो. खोडाला फांद्या, फांद्यांना डहाळ्या, तसे पडद्यात रकाने, रकान्यांत ओळी, ओळींत अक्षरे. मग जुना आणि नवा आराखडा शेजारी ठेवून फरक शोधायचा आणि तेवढाच फरक पडद्यावर उतरवायचा. ४१ चे ४२ झाले, तर फक्त तेवढेच अक्षर बदलते.

पण दोन झाडांतील कमीत कमी फरक शोधणे सोपे नाही. त्याच्या सर्वसाधारण पद्धतीत १,००० घटकांच्या झाडासाठी सुमारे १,००० × १,००० × १,००० म्हणजे १०० कोटी तुलना लागू शकतात. रिॲक्टने दोन व्यवहारी नियम मानून हे काम घटकांच्या संख्येइतके कमी केले. पहिला नियम असा : बटणाच्या जागी चित्र आले, म्हणजे घटकाचा प्रकारच बदलला, तर त्या फांदीत साम्य शोधत बसायचे नाही. ती फांदी सरळ काढून नवी लावायची. दुसरा नियम याद्यांसाठी आहे आणि तो फार मौजेचा आहे.

समजा, पडद्यावर विद्यार्थ्यांची यादी आहे आणि पहिल्या ओळीपुढील चौकोनात कोणीतरी बरोबरची खूण केली आहे. आता यादीच्या आरंभी एक नवे नाव आले. यंत्राने ओळी केवळ जागेवरून ओळखल्या तर ‘पहिली ओळ ती पहिलीच’ असे समजून ती खूण नव्या मुलाच्या नावापुढे राहील! खूण एकाची, मिळाली दुसऱ्याला. यावर शाळेने फार पूर्वीच उपाय काढलेला आहे : हजेरी क्रमांक. विद्यार्थी पहिल्या बाकावर बसो की शेवटच्या, त्याचा क्रमांक बदलत नाही. तसाच यादीतील प्रत्येक घटकाला स्वतःचा न बदलणारा क्रमांक द्यायचा. त्याला ‘की’ म्हणजे किल्ली म्हणतात. मग ओळ कोठेही सरकली तरी तिची खूण तिच्याबरोबर जाते.

मोबाइलमधील चार साधने

अँड्रॉइड आणि आयफोन यांवर ॲप लिहिण्याची सुरुवातीची रीत आज्ञार्थी होती. पडद्यावरील चौकट नावाने शोधायची आणि तिला ‘तुझा मजकूर हा कर’ असे सांगायचे. मग रिॲक्टचा विचार मोबाइलवर आला. २०१५ मध्ये ‘रिॲक्ट नेटिव्ह’ खुले झाले. गूगलच्या ‘फ्लटर’ची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. २०१९ च्या मे महिन्यात गूगलने अँड्रॉइडसाठी ‘जेटपॅक कंपोज’ जाहीर केले आणि लगेच जूनमध्ये ॲपलने ‘स्विफ्टयूआय’ जाहीर केले. कंपोजची पहिली पक्की आवृत्ती जुलै २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. यांच्या भाषा वेगवेगळ्या आहेत. रिॲक्ट नेटिव्हची जावास्क्रिप्ट, फ्लटरची डार्ट, कंपोजची कोटलिन आणि स्विफ्टयूआयची स्विफ्ट. पण एक साधन नीट समजले की दुसरे शिकणे सोपे जाते, कारण सर्वांचा पाया ‘पडदा = वर्णन (स्थिती)’ हाच आहे.

कामाच्या पद्धतीत मात्र फरक आहेत. रिॲक्ट आराखड्यांची तुलना करते, हे आपण पाहिले. कंपोज वेगळी युक्ती वापरते. वर्णनाच्या कोणत्या भागाने कोणती नोंद वाचली, याची ते टिपणी ठेवते. गैरहजरची नोंद बदलली की ज्या भागांनी ती वाचली होती तेवढेच पुन्हा चालवते. पटाची ओळ झोपलेली असते, तिला उठवण्याचे कारण नाही. फ्लटर आणखी निराळे आहे. ते फोनची तयार बटणे वापरत नाही, तर आपली बटणे आणि अक्षरे पडद्यावर स्वतःच रंगवते.

शिकताना कोठे अडखळायला होते?

नव्याने शिकणारा प्रथम या प्रश्नापाशी अडतो : ‘मी आकडा बदलला, पण पडदा बदलत नाही!’ याचे कारण बहुधा असे असते की त्याने साध्या चलात आकडा ठेवलेला असतो. त्या चलावर यंत्राची नजर नसते, त्यामुळे तो बदलला हे यंत्राला कळतच नाही. शिवाय वर्णन दर वेळी पहिल्या ओळीपासून चालते. वर्णनाच्या आतच ‘गैरहजर = ४’ असे लिहिले असेल, तर प्रत्येक वेळी पुन्हा ४ पासून सुरुवात होईल. म्हणून या साधनांत एक खास नोंद असते. तिचे दोन गुण असतात. यंत्र तिच्यावर नजर ठेवते आणि वर्णन पुन्हा चालले तरी ती विसरली जात नाही. अँड्रॉइडमध्ये फोन उभ्याचा आडवा केला की साधारणपणे तो पडदा नव्याने उभारला जातो. त्यातूनही नोंद टिकवायची असेल तर तसे वेगळे सांगावे लागते.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. वर्णनाच्या आतच स्थिती बदलायची, ही ती चूक. फळ्याच्या वर्णनात कोणी ‘गैरहजर १ ने वाढव’ असे लिहिले, तर फळ्याकडे नुसते पाहिल्यानेच गैरहजर वाढू लागतील! वर्णन केव्हा, किती वेळा आणि कोणत्या क्रमाने चालवायचे हे यंत्र ठरवते. ते सेकंदाला अनेकदाही चालवले जाईल. म्हणून वर्णनाने फक्त वर्णन करावे. बदल घडवायचे ते बटण दाबणे किंवा निरोप येणे अशा घटनांनी.

तिसरी गोष्ट चुकीपेक्षा शिस्तीची आहे. नोंद एकाच जागी असावी. तेथून माहिती खाली जावी आणि घटनेची वर्दी वर यावी. विद्यार्थी उशिरा आला तर तो फळ्यावर जाऊन स्वतः खाडाखोड करीत नाही. तो बाईंना सांगतो, बाई हजेरीपत्रकात नोंद करतात आणि फळा हजेरीपत्रकावरून लिहिला जातो. ॲपमध्येही लहान घटकांनी आपापल्या खाजगी नोंदी ठेवू लागणे म्हणजे जुन्या गोंधळाला पुन्हा बोलावणे होय.

मग आज्ञार्थी रीत टाकाऊ झाली का? मुळीच नाही. विधान वाचून पडद्यावरचे ठिपके प्रत्यक्ष बदलायला कोणीतरी आज्ञा द्याव्याच लागतात. त्या आता साधनाच्या पोटात गेल्या, इतकेच. ‘आत्ता फोटो काढ’, ‘घंटा वाजव’, ‘यादीच्या तळाशी जा’ अशा क्षणिक गोष्टी आजही आज्ञेनेच सांगणे सोयीचे असते. त्या ‘असण्याच्या’ गोष्टी नाहीत, ‘घडण्याच्या’ आहेत.

करून पाहा

यासाठी मोबाइल लागत नाही. तिघे मित्र जमा. पहिल्याजवळ एक चिठ्ठी असेल. तिच्यावर फक्त पट आणि गैरहजर हे दोन आकडे लिहायचे. दुसरा वर्णनकार. त्याने फळ्याकडे पाठ करून बसायचे आणि चिठ्ठी बदलली की प्रत्येक वेळी कोऱ्या कागदावर फळ्याचे पूर्ण वर्णन लिहायचे. तिसरा रंगारी. त्याने आधीचा कागद आणि नवा कागद ताडून पाहायचा आणि जेथे फरक असेल तेवढेच फळ्यावर पुसून लिहायचे. दहा बदल करा आणि रंगाऱ्याने एकंदर किती वेळा पुसले ते मोजा. मग दुसऱ्या गटाला कागदाशिवाय, केवळ आज्ञांवर तोच खेळ खेळू द्या. त्यांचा फळा दर वेळी बेरजेला उतरतो का, ते तपासा.

नंतर खरी साधने हाताळायची इच्छा झाली, तर शाळेच्या संगणकावर ‘डार्टपॅड’ हे पान उघडून फ्लटरचे छोटे पडदे ब्राउझरमध्येच लिहून पाहता येतात. अँड्रॉइडसाठी ‘अँड्रॉइड स्टुडिओ’ हे साधन विनामूल्य मिळते. पहिले ॲप म्हणून आपल्या वर्गाचा फळाच करा.

आता हे प्रश्न सोडवा

१. एका पडद्याच्या सहा स्थिती आहेत. एकीतून दुसरीत जाण्याच्या जास्तीत जास्त वाटा किती?

२. दुसरा डाव खेळणाऱ्या क्रिकेट संघाच्या धावफलकावर या गोष्टी आहेत : धावा, बळी, टाकलेले वैध चेंडू, षटके, धावगती, विजयाचे लक्ष्य, अजून हव्या असलेल्या धावा. यांतील कोणत्या साठवाव्या लागतील आणि कोणत्या काढता येतील?

३. आपल्या फळ्याच्या ॲपमध्ये गैरहजर ० असताना ‘उशिरा आला’ बटण दाबले तर काय दिसेल? ते टाळण्यासाठी वर्णनात काय घालाल?

उत्तरे : १. ६ × ५ = ३०. २. धावा, बळी, वैध चेंडू आणि लक्ष्य साठवावे. षटके चेंडूंना ६ ने भागून, धावगती धावांना षटकांनी भागून आणि हव्या असलेल्या धावा लक्ष्यातून झालेल्या धावा वजा करून काढता येतात. ३. हजर ४६ आणि गैरहजर −१ असे दिसेल. ‘गैरहजर ० पेक्षा जास्त असतील तरच हे बटण चालू’ असे वर्णनात लिहावे. त्याचप्रमाणे ‘घरी गेला’ हे बटण गैरहजर पटापेक्षा कमी असतील तेव्हाच चालू ठेवावे.